मागे राहिलेली मुलगी



फेब्रुवारी उजाडला की आपल्या धर्मग्रामात दोन गोष्टी बरोबरच येतात. ११ तारखेला लुर्दमातेचा सण आणि जागतिक रुग्णदिन असतो. त्याच सुमारास मे महिन्याच्या सहलींची नोंदणीही सुरू होते. गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर दोन कुटुंबे मला चर्चच्या पायरीवर भेटली. "फादर, या सुट्टीत दक्षिण फ्रान्सला जायचं ठरतंय. तिकडे काय पाहावं, काय करावं?" मी म्हणालो, "पत्रिकेतच लिहितो, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल."

त्याच संध्याकाळी मी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला निघालो. एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनी माझा हात धरून हळूच विचारले, "फादर, मे महिन्यात पोरं फिरायला जाणार म्हणतात. मला कुठे ठेवणार, काही बोलले का तुमच्याकडे?" घर कोणते ते मी सांगणार नाही. आपल्या धर्मग्रामात अशी घरे एकाहून अधिक आहेत.

एकाच दिवशी मला हे दोन प्रश्न विचारले गेले. दोन्हींचे उत्तर मला दक्षिण फ्रान्समध्येच, लुर्दच्या ओढ्याकाठी सापडते.

ओढ्याच्या अलीकडे

लुर्द हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेले छोटे गाव. पर्वत ओलांडला की स्पेन लागतो. ११ फेब्रुवारी १८५८, गुरुवारचा दिवस होता. सुबिरू कुटुंबाच्या घरी चूल पेटवायला सरपण नव्हते. चौदा वर्षांची बर्नादेत, तिची धाकटी बहीण आणि एक मैत्रीण अशा तिघी लाकडे वेचायला निघाल्या. गावाबाहेर मासाबिएल नावाच्या खडकापाशी पाण्याचा पाट आडवा आला. दोघींनी पायांतले काढले आणि थंडगार पाण्यातून त्या पलीकडे गेल्या. बर्नादेतला दमा होता. त्याआधी ती पटकीच्या साथीतूनही कशीबशी वाचली होती. पाण्यात काही दगड टाका, म्हणजे पाय न भिजवता येता येईल, अशी तिने विनवणी केली. पण त्या दोघी थांबल्या नाहीत. बर्नादेत अलीकडे एकटीच राहिली. अखेर पायमोजे काढायला ती खाली वाकली, तोच तिला वाऱ्यासारखा आवाज आला. झाडे मात्र स्तब्ध होती. तिने मान वर केली, तेव्हा गुहेच्या कपारीत तिला ती सुंदर स्त्री दिसली.

बंधूभगिनींनो, लुर्दचा इतिहास इथून सुरू होतो. धडधाकट होत्या त्या पुढे गेल्या आणि त्यांना सरपण मिळाले. जी मागे राहिली तिला पवित्र मरियेचे दर्शन झाले.

पुढे १६ जुलैपर्यंत एकूण १८ वेळा हे दर्शन घडले. बर्नादेतला ना धड लिहिता-वाचता येत होते, ना फ्रेंच बोलता येत होते. मरिया तिच्याशी तिच्याच गावच्या बोलीत बोलली. तिने काय विचारले, त्यापेक्षा कसे विचारले ते मला अधिक भावते. पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का, असे तिने आदरार्थी शब्दांत विचारले. 'तू ये' असे फर्मावले नाही, 'आपण याल का' अशी विनंती केली. ज्या मुलीला गावात कोणी विचारत नव्हते, तिच्याशी स्वर्गाची राणी 'आपण' म्हणून बोलली. घरातल्या आजारी माणसाशी आपण कोणत्या शब्दांत बोलतो, हे आज घरी गेल्यावर एकदा आठवून पाहा.

लुर्दला काय पाहावे

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत लुर्दसाठी बहुधा एक दुपार राखलेली असते. गुहेपुढे फोटो काढायचा, बाटलीत पाणी भरायचे, दुकानातून जपमाळा घ्यायच्या आणि बसमध्ये चढायचे. माझे ऐकाल तर तिथे निदान दोन रात्री राहा.

पहिल्या सकाळी लवकर उठून गुहेपाशी जा. बाजूने गाव्ह नदी वाहते. खडकाला हात लावून लोक मुकाट्याने पुढे सरकत असतात. २५ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नादेतने इथेच चिखल उकरला होता. चेहरा चिखलाने माखलेला पाहून लोकांनी तिला वेडी ठरवले. पुढे त्याच चिखलातून निर्मळ झरा वाहू लागला. तपासणीत या पाण्यात कोणतेही औषधी द्रव्य आढळले नाही. आपल्या विहिरीसारखेच ते साधे पिण्याचे पाणी आहे. पूर्वी यात्रेकरूंना स्नानकुंडात उतरवत असत. २०२० च्या महामारीनंतर ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुण्याचा आणि ते पिण्याचा साधा विधी रूढ झाला.

नंतर गावात जाऊन 'काशो' पाहा. मूळची ही तुरुंगातली कोठडी. आरोग्यास घातक म्हणून ती कैद्यांसाठी बंद केली होती. वडिलांची पिठाची चक्की हातची गेल्यावर आईवडील आणि चार मुले अशी सहा माणसे याच खोलीत राहत होती. खोली जेमतेम बारा बाय चौदा फुटांची आहे. बर्नादेतचा जन्म जिथे झाला ती बोलीची पाणचक्कीही जवळच आहे.

संध्याकाळी पाच वाजता पवित्र साक्रामेंताची मिरवणूक आणि रात्री नऊ वाजता मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंतच्या यात्राकाळात हा क्रम चालतो. या मिरवणुकीत कोण कुठे चालते, तिकडे लक्ष द्या. सर्वांत पुढे आजारी माणसे असतात. कोणी चाकांच्या खुर्चीत, कोणी निळ्या टपाच्या तीनचाकी गाडीत, तर कोणी स्ट्रेचरवर. त्यांच्या गाड्या ओढायला स्वयंसेवक असतात. हे स्वयंसेवक आपल्या सुट्टीचे दिवस देतात, आपल्या खर्चाने येतात. त्यांत डॉक्टर, शिक्षक, कॉलेजची मुले असे सगळे असतात. त्यांची सुट्टी म्हणजे दुसऱ्याची गाडी ओढणे. हजारोंची मिरवणूक सर्वांत हळू माणसाच्या गतीने चालते.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर गाव्हार्नीला जा. लुर्दपासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिथे डोंगरांची अर्धगोल भिंत उभी आहे आणि ४०० मीटरहून उंच धबधबा कोसळतो. तरुण मंडळी पायथ्यापर्यंत चालत जाऊ शकतात. ज्यांचे पाय दुखतात त्यांना गावात बसूनही देवाची ही करणी डोळे भरून पाहता येते.

माझी चूक

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका यात्रेबरोबर मी आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून दक्षिण फ्रान्सला गेलो होतो. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे निकामी झाले होते, म्हणून त्यांची चाकांची खुर्ची बरोबर होती. त्यांच्यामुळे बसला रोज उशीर व्हायचा. पहिले दोन दिवस सगळ्यांनी हौसेने मदत केली. तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. पाचव्या दिवशी मीच त्यांना म्हणालो, "मावशी, आज तुम्ही हॉटेलातच आराम करा ना." त्या काही बोलल्या नाहीत, दिवसभर खोलीत बसून राहिल्या. आम्ही ठरलेली सगळी स्थळे वेळेत पाहिली. कोणती पाहिली ते आज मला आठवत नाही. त्यांचा तेव्हाचा चेहरा मात्र आठवतो.

दोन दिवसांनी आम्ही लुर्दला पोहोचलो. रात्रीच्या मिरवणुकीला मी जागा धरायला लगबगीने पुढे गेलो. एका स्वयंसेवकाने मला हसतमुखाने मागे जायला सांगितले. मग तो मावशींच्या खुर्चीपाशी गेला, वाकून त्यांना नमस्कार केला आणि खुर्ची ढकलत त्यांना थेट पुढच्या रांगेत घेऊन गेला. आठवडाभर पुढे पळणारे आम्ही सारे पार मागे उभे राहिलो. मेणबत्त्यांच्या उजेडात दूरवर त्यांचे पांढरे डोके तेवढे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी त्या मला म्हणाल्या, "फादर, गुडघे पडल्यापासून काल पहिल्यांदाच मला कोणी 'लवकर चला' म्हटलं नाही."

त्यांचे गुडघे बरे झाले नाहीत. दोन वर्षांनी त्या देवाघरी गेल्या. पण त्या यात्रेत खरा रोगी कोण होता आणि कोणाला बरे व्हायचे होते, ते मला लुर्दला कळले.

अडतीस वर्षे

संत योहानच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याची हकीकत येते. पाणी हलले की जो पहिला उतरेल तो बरा होतो, अशी तिथे लोकांची समजूत होती. अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस त्या काठावर पडून होता. बरे होण्याची इच्छा आहे का, असे येशूने त्याला विचारले. तो सरळ 'हो' म्हणाला नाही. आपल्याला पाण्यात सोडायला कोणी माणूस नाही, आपण निघेपर्यंत दुसराच पुढे उतरतो, असे गाऱ्हाणे त्याने मांडले.

त्याचे गाऱ्हाणे नीट ऐका. त्याला आजाराइतकेच माणूस नसल्याचे दुःख होते. तळे जवळ होते, पाणी होते, गर्दीही होती. त्याच्यासाठी थांबणारा माणूस तेवढा नव्हता. येशू त्या गर्दीत शिरला आणि सर्वांत मागे राहिलेल्यापाशी जाऊन थांबला.

लुर्दला आलेले सगळेच बरे होत नाहीत. तिथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याच्या हजारो नोंदी डॉक्टरांपुढे आल्या. पण ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या थोड्याशाच वर आहेत. खुद्द बर्नादेतही बरी झाली नाही. नव्हेरच्या मठात ती व्रतस्थ झाली. दमा होताच, शिवाय गुडघ्याच्या हाडाला क्षय झाला. १६ एप्रिल १८७९ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी तिने देह ठेवला. १९३३ साली ती संतपदाला पोहोचली. मग दरवर्षी लाखो लोक लुर्दला कशासाठी जातात? मला वाटते, आपल्यासाठी थांबणारे माणूस तिथे भेटते म्हणून.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिन जाहीर केला. पहिला रुग्णदिन ११ फेब्रुवारी १९९३ रोजी लुर्दलाच साजरा झाला. ऑगस्ट २००४ मध्ये ते स्वतः शेवटचे लुर्दला आले, तेव्हा कंपवाताने थकले होते. गुहेपुढे गुडघे टेकताना त्यांचा तोल गेला आणि त्यांना दुसऱ्याने सावरावे लागले. आजाऱ्यांमधला एक आजारी म्हणून ते तिथे आले होते. इटलीबाहेरचा तो त्यांचा अखेरचा प्रवास ठरला.

दक्षिण फ्रान्समधली आणखी काही स्थळे

लुर्दहून पूर्वेकडे निघालात की प्रोव्हान्स प्रांत लागतो. तिथे आव्हिन्यों हे शहर आहे. १३०९ ते १३७७ या काळात सात पोपमहोदय रोम सोडून इथे राहिले. त्यांचा राजवाडा म्हणजे जणू दगडी डोंगर आहे. तो जरूर पाहा. तिथल्या रिकाम्या दालनांतून फिरताना लुर्दची ती बारा बाय चौदाची कोठडी आठवा. या भव्य वाड्यात माणसे आज तिकीट काढून येतात आणि पाहून जातात. त्या ओलसर कोठडीतून मात्र अर्ध्या जगाला प्रार्थनेची ओढ लागली.

आव्हिन्योंच्या दक्षिणेस सां-रेमी गाव आहे. तिथल्या जुन्या मठात मनोरुग्णांचे इस्पितळ होते, ते आजही चालू आहे. चित्रकार व्हान गॉग मे १८८९ मध्ये आपणहून तिथे दाखल झाला आणि वर्षभर राहिला. त्या वर्षात त्याने सुमारे १५० चित्रे काढली. ताऱ्यांनी भरलेल्या रात्रीचे त्याचे जगप्रसिद्ध चित्र त्याने तिथेच, जून १८८९ मध्ये काढले. खिडकीतून दिसणाऱ्या आकाशावरून त्याला ते सुचले. मठाचा काही भाग पाहता येतो. आपल्याकडे मनाचा आजार झालेल्या माणसाला घरचेच लपवतात. त्या खिडकीपाशी अशा एखाद्या घरासाठी एक 'नमो मरिया' म्हणा.

पुढे नीस शहराजवळ व्हांस येथे जपमाळेच्या राणीचे छोटेसे चॅपेल आहे. ते चित्रकार मातिसने घडवले. १९४१ साली त्याच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर एका तरुण परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली. पुढे ती डॉमिनिकन भगिनी झाली. त्या ऋणातून सत्तरी पार केलेल्या मातिसने हे चॅपेल हाती घेतले. उभे राहवेना, तेव्हा लांब काठीला कोळसा बांधून त्याने भिंतींवरच्या आकृत्या आखल्या. जून १९५१ मध्ये चॅपेलचे समर्पण झाले. पिवळ्या, हिरव्या, निळ्या काचांतून येणारा प्रकाश पांढऱ्या फरश्यांवर पसरतो. मातिस काही नेमाने चर्चला जाणारा नव्हता. एका आजाऱ्याची कोणीतरी मनापासून सेवा केली, म्हणून हे प्रार्थनास्थळ उभे राहिले.

मार्सेय बंदरात टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द हे मरियेचे मंदिर आहे. छताला लहान लहान जहाजे टांगलेली दिसतील. वादळातून परतलेल्यांनी ती नवस फेडण्यासाठी वाहिली आहेत. ज्यांच्या घरची माणसे दर्यावर जातात, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस याच टेकडीवर, समुद्रात बुडालेल्या खलाशांच्या आणि निर्वासितांच्या स्मारकापाशी प्रार्थना करून गेले.

२४ मेच्या सुमारास तुम्ही तिकडे असाल, तर समुद्रकाठच्या सेंत-मारी-द-ला-मेर गावी पोहोचा. त्या दिवशी रोमा लोक आपली लाडकी सारा हिची मूर्ती मिरवत समुद्रात घेऊन जातात. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही 'पाणी'च म्हणतात, कानाला 'कान' आणि नाकाला 'नाक'. युरोपात शतकानुशतके त्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. वर्षातून एकदा तरी ते मिरवणुकीत सर्वांत पुढे असतात.

एक सूचना करून ठेवतो. लॅव्हेंडरची जांभळी शेते जाहिरातीत दिसतात, पण ती साधारण जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत फुलतात. मे महिन्यात जाणाऱ्यांनी ती दिसली नाहीत म्हणून बरोबरच्या वडीलधाऱ्यांवर राग काढू नये!

सुट्टी कोणाच्या गतीने?

सुट्टी घेणे पाप नाही. प्रेषित दमून आले तेव्हा येशूने स्वतःच त्यांना एकांतात विसावा घ्यायला नेले. वर्षभर राबणाऱ्यांनी फिरावे, देवाची सृष्टी पाहावी. आजाऱ्याची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेला आणि मुलीला तर विश्रांतीचा पहिला हक्क आहे. सगळ्यांनाच आईवडिलांना परदेशी नेणे जमणार नाही, हेही मला समजते. माझे मागणे एवढेच आहे की, सहलीचा बेत पुढे पळणाऱ्याच्या सोयीने न आखता मागे राहणाऱ्याला विचारून आखा.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी घरातल्या आजारी माणसाजवळ बसा. कधी जाणार, कधी परतणार, त्यांच्याजवळ कोण राहणार, हे त्यांना आधी सांगा. हा त्यांचा मान आहे. दुसऱ्याच्या तोंडून त्यांना ते कळू नये.

जे जाणार आहेत त्यांनी आपल्या वाड्यातल्या आजाऱ्यांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत आणि गुहेपुढे ती हळू आवाजात वाचावीत. तिथून आणलेले पाणी शोकेसमध्ये ठेवू नका. परतल्यावर ते घेऊन त्यांच्या घरी जा आणि घटकाभर बसा.

जे जाणार नाहीत त्यांच्यासाठीही लुर्द जवळच आहे. मे महिन्यात शेजारचे कुटुंब बाहेरगावी गेले की त्यांच्या आजोबांकडे रोज एक तास जाऊन बसा. पेपर वाचून दाखवा, रोझरी म्हणा. लुर्दचे स्वयंसेवक याहून वेगळे काय करतात? आपल्या तरुण मंडळाने अशा घरांची यादी करावी, ही माझी विनंती आहे. ११ तारखेच्या संध्याकाळच्या मिस्सात रुग्णाभ्यंग संस्कार दिला जाईल. त्या दिवशी पुढचे बाक आजाऱ्यांसाठी राहतील. बाकीचे आपण सगळे मागे बसू.

आणि त्या आजोबांना मी काय उत्तर दिले? तेव्हा मला उत्तर सुचले नाही. मी त्यांचा हात धरून थोडा वेळ बसलो. उत्तर त्यांच्या मुलांनी द्यायचे आहे. कदाचित ती मुले ही पत्रिका आता वाचत असतील.

हे प्रभू येशू, बेथेस्दाच्या काठी जसा तू थांबलास, तसे आम्हांला थांबायला शिकव. हे लुर्दमाते, मागे राहिलेल्या बर्नादेतला तू आदराने हाक मारलीस. आमच्या घरातल्या दुबळ्या माणसांशी तसेच बोलण्याची कृपा आम्हांला मिळवून दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू